नेहमीचं किती असतं?

"हे रगत माह्या सुनेचंच आहे, हे तुमी कायच्यावरून म्हनता?"

लॅबच्या खिडकीच्या गजाला नाक लावून सायत्राबाई विचारत होती. तिच्या सुनेच्या रक्ताची नळी माझ्या हातात होती आणि नळीवरची शाई अजून वाळायची होती.

"नाव वाचा ना, बाई. मोनाली गेडाम. मीच काढलं, मीच लिहिलं."

"नाव त कोनीबी लिवते," ती म्हणाली आणि खिडकीतून तसूभरही हलली नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गडचिरोली जिल्ह्यातल्या त्या ग्रामीण रुग्णालयात मी अकरा वर्षं रक्त तपासत होते. सहारे मॅडमचा रिपोर्ट म्हटलं की डॉक्टरसुद्धा दुसऱ्यांदा विचारत नसत, आणि ही बाई मला शिकवणार! शंका घ्यायची ती मी. लॅबमध्ये बसणाऱ्याचं कामच ते. नळ्यांची अदलाबदल झाली का, उपाशीपोटी आलो म्हणणारा दोन कप चहा ढोसून आलाय का, सगळ्यांवर संशय घ्यायचा आणि मगच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. घरीही सवय सुटत नाही. नवरा म्हणायचा, तू तर दुधात पाणी आहे की पाण्यात दूध हेसुद्धा तपासून पाहतेस. पाहतेच.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. डिसेंबर होता. धानाची मळणी आटोपली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, नाटकं होतात आणि लोक थंडीत उघड्यावर बसून ती पहाटेपर्यंत पाहतात. मोनालीही बसली होती. बावीस वर्षांची पोरगी, लग्नाला सात महिने झालेले, नवरा कामाला आंध्रात गेलेला. नाटकाच्या दुसऱ्या दिवसापासून तिच्या मांड्या आणि कंबर ठणकायला लागली. दोन दिवस तिने कळ काढली. आज सकाळी छातीत दुखायला लागलं आणि श्वास पुरेना, तेव्हा तिला आमच्याकडे आणलं. सोबत सासू सायत्राबाई आणि चुलतसासरा काशीरामभाऊ.

काशीरामभाऊ म्हणजे माणूस! इस्त्रीचा पांढरा सदरा, बोलण्यात दर वाक्याला 'जी'. आल्या आल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी बाकावर जागा करून दिली आणि माझ्यासाठी न सांगता बाहेरून चहा आणला. सासूपेक्षा हा माणूस लाख पटीने समजदार, असं मी मनात म्हटलंदेखील.

आमचे डॉक्टर तांबोळी सांगलीकडचे, येऊन चार महिनेच झाले होते. त्यांनी मोनालीचं पिवळं कार्ड पाहिलं आणि मला म्हणाले, "कार्ड पिवळं आहे, म्हणजे सिकलसेलचा प्रश्न नाही. मलेरिया बघा, न्यूमोनिया असेल."

ही कार्डाची भानगड सगळ्यांनाच ठाऊक नसते, म्हणून सांगते. सिकलसेलमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि जिथं अडकतात तिथं माणूस किंचाळतो. तपासून आम्ही कार्ड देतो. पांढरं म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे आई किंवा बाप, एकाकडूनच आलेलं. असा माणूस स्वतः ठणठणीत असतो, फक्त जोडीदार निवडताना जपायचं. लाल म्हणजे दोघांकडून आलेलं, म्हणजे खरा आजार. आमच्या भागात सोयरीक ठरवताना आधी कार्ड मागतात, मग जेवायला बसवतात.

मी रक्ताचा थेंब काचेवर पसरून रंगवला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि पाहतच राहिले. जिकडे पाहावं तिकडे विळे. पिवळ्या कार्डवाल्याच्या पेशी साध्या काचेवर अशा आपोआप वाकत नाहीत, त्यांना औषध टाकून वाकवावं लागतं. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक एक. प्लेटलेटही घसरलेल्या.

पहिला संशय नळीवरच आला. म्हातारीने विचारलं ते खरं तर नाही? खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला मोनालीपेक्षा माझ्या नावाची काळजी जास्त वाटली. सुई घेऊन मी पुन्हा तिच्या खाटेशी गेले.

"पुन्हा काढते हं, बाळा. याआधी कितीदा सुई टोचून घेतली आहेस?"

"एकडावच," ती धापा टाकत म्हणाली. "लगनाच्या आंधी, कार्डासाठी."

मी कोपराजवळ बोट फिरवलं. शीर लागेना. लागली ती सुतळीसारखी कडक, वर्षानुवर्षं टोचून टोचून होते तशी. एकदाच टोचलेल्या मुलीची शीर अशी नसते. खालची पापणी ओढून पाहिली, तर डोळ्यात पिवळी झाक. शेजारी सायत्राबाई हाताची घडी घालून उभी. माझ्या बोटांवरून तिची नजर हलत नव्हती.

"काय पाहून रायल्या, मॅडम?"

"शीर पाहते आहे."

"भेटली का?"

"भेटेल ना! तुम्ही जरा बाहेर बसा."

ती बाहेर गेली नाही.

दुसऱ्या नळीतही तेच विळे. म्हणजे नळी बरोबर होती आणि कार्ड चूक. कार्ड उलटून पाहिलं, तर खाली सही माझीच! रजिस्टर काढलं. आठ महिन्यांपूर्वीची, लग्नाआधीची नोंद, माझंच अक्षर. तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा, एक चांगल्या रक्ताची आणि एक सिकलची. पिवळं म्हणजे पिवळंच, त्यात वाचण्याची चूक नव्हती. मग माझ्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. हिच्या जागी हिची बहीण आली होती का? कुणी कार्ड बदललं? आमच्यातलाच कुणी फितूर? शिपायापासून कंपाउंडरपर्यंत एकालाही मी मनात सोडलं नाही.

एवढ्यात खिडकीत काशीरामभाऊ आले. "काही कारजीचं त नाही ना जी, मॅडम? पोरगी लेकरासारखी आहे आमाले."

माझ्या तोंडाला कधीच कुलूप नव्हतं. मी बोलून गेले, "कार्डातच काहीतरी घोळ दिसतो हो, भाऊ."

"घोळ म्हंजे लाल का जी?"

"पाहते आहे अजून."

"बरं जी. रिपोर्टाची एक कापी भेटंल का मंग?"

"देते ना," मी म्हटलं. पलीकडे व्हरांड्याच्या खांबाला टेकून सायत्राबाई आम्हा दोघांकडे पाहत होती. ही बाई काहीतरी शोधते आहे, पुरावा हातात आला की पोरीला माहेरी हाकलेल, अशी माझी खात्रीच झाली.

डॉक्टरांना मी काच दाखवली. त्यांचा चेहरा उतरला. मोनालीचा ऑक्सिजन शहाऐंशीवर आला होता आणि एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी पांढरट डाग दिसत होता.

"म्हणजे ही लाल आहे," ते म्हणाले. "मग मला एकच गोष्ट सांगा. हिचं नेहमीचं हिमोग्लोबिन किती असतं?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"मॅडम, लाल कार्डवाल्यांचं सहा हे नेहमीचंसुद्धा असू शकतं. तसं असेल तर ऑक्सिजन आणि सलाईनवर इथंच सांभाळू, ऐंशी किलोमीटर खड्ड्यांतून एका सिलिंडरवर न्यायला नको. पण नेहमीचं आठ-नऊ असेल, तर दोन दिवसांत एवढं रक्त आतल्या आत फुटून गेलंय आणि ते छातीत शिरलंय. मग संध्याकाळपर्यंत पोरगी हातची जाईल. आणि आधी कधी रक्त चढवलंय का, कितीदा, हेही कळायला हवं. खूपदा चढवलेल्याला जुळणारं रक्त पटकन सापडत नाही."

"ती तर म्हणते, एकदाच सुई टोचली."

"मग खोटं बोलते आहे. कुणीतरी तिच्याकडून खरं काढा. लवकर."

मी सायत्राबाईला म्हटलं, गरम पाण्याची बाटली भरून आणा. ती नाइलाजाने गेली. मी मोनालीच्या तोंडावरचा मास्क सारखा केला, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि गप्पा मारल्यासारखं विचारत गेले.

"माहेर कुठलं गं तुझं?"

"कुरुड."

"भाऊ किती?"

"एक."

"थंडी वाजते?"

"हाव."

"नेहमीचं किती असतं?"

"साडेआठ."

बोलली आणि तिचे डोळे मोठे झाले. निरोगी माणसाला हा प्रश्न विचारा, तो म्हणेल, काय किती असतं? लाल कार्डवाला झोपेतून उठवला तरी आकडा सांगतो. तिला फसवून मी पकडलं होतं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा पकडल्याचा मला आनंद झाला नाही. तिने माझ्या ॲप्रनचं टोक मुठीत धरलं.

"मॅडम, नोका सांगू. सासूले नोका सांगू. पाया पडतो तुमच्या."

मग एकेका श्वासाला एकेक वाक्य असं तिने सांगितलं. सहाव्या वर्षापासून लाल कार्ड. दवाखाना मामाच्या गावाकडचा, म्हणून इकडे कुणाला माहीत नव्हतं. रक्त नऊ वेळा चढलेलं. दोन ठिकाणच्या सोयरिकी कार्ड पाहून मोडल्या. मग हे स्थळ आलं. मुलाचं कार्ड पांढरं, म्हणजे लेकरांना आजार होणार नव्हता. मामाने तिला दोन पिशव्या रक्त चढवून आणलं आणि पंधराव्या दिवशी आमच्या कॅम्पात नवीन कार्ड काढायला बसवलं. चढवलेलं चांगलं रक्त आणि तिचं स्वतःचं, दोन्ही मिळून पट्टीवर दोन रेघा उठल्या. मी पिवळं लिहिलं.

ही युक्ती गावातल्या माणसाला सुचणारी नव्हती. हे लॅबमधल्याच कुणाचं तरी काम होतं. कोण होता तो, मला नावच हवं होतं.

"कोणी शिकवलं हे तुझ्या मामाला?"

तिने मान भिंतीकडे वळवली.

"घाबरू नकोस. नाव सांग फक्त."

"तुमीच त, मॅडम."

"मी?"

"मामाच्या गावच्या मंडईत. नाटकाचा पडदा उघडाच्या आंधी तुमी माईकवर बोलल्या होत्या ना? का रगत चढवलं असन त तीन महिने तपासू नोका, लालवाला पिवळा दिसते म्हनून. मामा घरी येऊन म्हने, मॅडमनं रस्ता सांगतला."

बोललेच होते मी. आदल्या वर्षी चौदा मंडयांत बोलले होते, अगदी हौसेने, हात उंचावून. लोक टाळ्या वाजवत आणि मला वाटे, किती छान कळतंय यांना. आणि तिची तपासणी करताना, रक्त चढवलंय का, एवढं विचारायचं काम होतं, तेही त्या दिवशी गर्दीत मी केलं नाही.

डॉक्टरांना मी आकडे सांगितले. साडेआठवरून सहा. ते म्हणाले, "अँब्युलन्स काढा."

पण मोनाली ऐकेना. "जिल्ह्याले नोका नेऊ. तिथं समदं विचारतीन, सासूसमोर विचारतीन. मेली त मेली, इथंच ठेवा." ओठ निळसर पडत चालले होते आणि पोरगी मान हलवून नाही नाही म्हणत होती. मी मागे वळले, तर दारात सायत्राबाई. हातात गरम पाण्याची बाटली. कधीपासून उभी होती, देव जाणे. तिच्या खांद्यामागे काशीरामभाऊंचा पांढरा सदरा.

डॉक्टर म्हणाले, "जिल्ह्याला न्यावं लागेल, रक्त द्यावं लागेल. इथं सही करा."

"पिवळ्या कार्डाले रगत कायले लागते?" सायत्राबाईने विचारलं.

"हाव जी, तेच," काशीरामभाऊ पुढे झाले. आवाज तसाच मऊ. "मॅडम आताच म्हनाल्या मले, कार्डात घोळ आहे. आमाले बी समजू द्या ना जी, घोळ कोनाचा? पोरीच्या मानसाईनं फसवलं असन त आमी सही कायले करावं? तिच्या बापाले बोलवा, थो करन."

तिचा बाप दोन तालुके पलीकडे होता. मोबाईलला रेंज नाही. यायला रात्र झाली असती, आणि डॉक्टर संध्याकाळ म्हणत होते.

"बोला ना, मॅडम," सायत्राबाई म्हणाली. "कोनाचा घोळ?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. ॲप्रनवरची मूठ अजून सुटली नव्हती.

"माझा," मी म्हटलं. "कार्ड मी चुकवलं. मुलगी लालच होती, मी पट्टी नीट वाचली नाही आणि पिवळं लिहून दिलं. तिला ठाऊक नव्हतं. तिच्या घरच्यांनाही ठाऊक नव्हतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागदांत डोकं घातलं.

"असं कसं जी?" काशीरामभाऊ हसले. "अकरा वर्साची मॅडम अन् चुकते? हे त तोंडचं बोलनं झालं."

"मंग लिवून द्या," सायत्राबाई म्हणाली.

"काय?"

"आता बोलल्या ते. सही करून, ठप्पा मारून. तवाच मी अंगठा देतो."

मला संतापाने रडू आलं. पोरगी श्वासासाठी तडफडते आहे आणि ही बाई कागद मागते! ही तो घेऊन सरळ साहेबाकडे जाणार, माझी नोकरी खाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण भांडत बसायला वेळ कुठे होता? लॅबमध्ये धावत गेले, एका दमात चार ओळी खरडल्या, सही केली, शिक्का मारला. तिने तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला, घडी घातली आणि चोळीत खोचला. मग डॉक्टरांच्या कागदावर अंगठा उठवला आणि मोनालीच्या खाटेचं एक टोक स्वतः उचललं. डॉक्टरांनी नऊ वेळांचा हिशेब बंद पाकिटात घालून ड्रायव्हरकडे दिला. अँब्युलन्सचं दार लागताना मला दिसलं, म्हातारीने सुनेचं डोकं मांडीवर घेतलं होतं. सगळ्यांना दाखवायला, असं मी म्हटलं मनात.

मोनाली जगली. जिल्ह्याच्या रक्तपेढीतल्या बाईंनी मला फोनवर सांगितलं, की जुळणारं रक्त शोधायला चार तास लागले, नऊ वेळांचं लिहून पाठवलं नसतं तर कठीण होतं. मी देवापुढे साखर ठेवली आणि नोटिशीची वाट पाहायला लागले. डाक आली की आधी पाकिटावरचा शिक्का पाहायची. साहेबांनी हाक मारली तरी वाटायचं, आला कागद. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. काही आलं नाही, म्हणून तर जास्तच भीती वाटायची. म्हातारी डाव धरून बसली आहे, योग्य वेळी काढेल, असं मी नवऱ्यालाही म्हटलं.

होळीच्या चार दिवस आधी ती माझ्या खिडकीत उभी राहिली. मागे मोनाली, जरा अंग धरलेली, हातात नवं लाल कार्ड. सासूने तिला दर महिन्याच्या तपासणीसाठी आणलं होतं.

माझ्याच्याने राहवेना. "बाई, माझा कागद कुठे आहे?"

"आहे ना. पेटीत आहे."

"काय केलंत त्याचं?"

"वाचाले लावला." तिने खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकवलं. "दवाखान्यातून घरी आनली पोरीले, त काशीरामानं समाजाची बैठक बसवली. म्हने, मॅडमनं मले सोता सांगतलं कार्डात घोळ आहे, पोरीवाल्याइनं फसवलं, धाडून द्या माहेरी. त्याच्या साळीची, बायकोच्या भैनीची, पोट्टी आहे ना लगनाची, माह्या पोराले तेच करून द्याची होती त्याले पयल्यापासून. समदे मान हालवाले लागले. मंग मी कागद काढला. काशीरामाच्याच हाती देल्ला, म्हटलं, तू शिकलेला आहेस, तूच वाच मोठ्यानं. वाचता वाचता अडकाले लागला. सरकारी ठप्पा पाहून बाकीचे चूप बसले."

चहा आणून देणारा तो मऊ आवाजाचा माणूस! आणि त्याच्या हातात शस्त्र दिलं होतं ते मीच. मला खाली मान घालावीशी वाटली.

"बाई," मी हळूच म्हटलं, "त्या दिवशी दारात उभ्या होतात. मोनाली मला काय सांगत होती, ते ऐकलं होतंत तुम्ही?"

"ऐकाले कायले पायजे? माही थोरली पोरगी सुनंदा चौदा वर्साची होऊन अशीच गेली. तवा कार्डं नव्हती का या बिमारीले नाव नव्हतं. ही पोरगी घरात आली अन् आठव्या दिवशी इहिरीच्या काठावर कंबर धरून बसली. मी पाहूनच समजलो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी लिहिलं ते खोटं आहे, हेसुद्धा?"

"हाव."

"मग मला लिहायला का लावलंत?"

"तुमी खोटं लिवलं, म्हनून त मले बैठकीत खरं बोला लागलं नाही," सायत्राबाई म्हणाली आणि मागे वळून सुनेला हाक मारली, "चाल वो, दे हात मॅडमले. उनं व्हाच्या आंधी घरी जाऊ."